एका मिनिटाची वाळू

बाळ अकरा दिवसांचं होतं. तेल-पाणी झालेलं, पोट भरलेलं, दुपट्यात गुरफटून गाढ झोपलेलं. भाचीनं हलक्या हातानं त्याचं झबलं वर सरकवलं आणि मला म्हणाली, "मावशी, तू मोज. आशाताईंनी शिकवलंय. पोट वर आलं की एक."

आशाताई म्हणजे गावातल्या 'आशा' आरोग्य कार्यकर्त्या. सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहिली आणि मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. वाटतं तितकं ते सोपं नाही. तान्ह्या बाळाचा श्वास आपल्यासारखा एका लयीत चालत नाही. भराभर आठ-दहा श्वास येतात आणि मग पोट एकदम थांबतं. तीन सेकंद, चार, पाच, सहा. माझा हात आपसूक त्याच्या नाकाशी गेला. तेवढ्यात पोट पुन्हा उचललं आणि श्वासांची नवी झुंबड सुरू झाली. नवजात बाळाच्या मेंदूतली श्वास सांभाळणारी यंत्रणा अजून कच्ची असते, म्हणून अशी काही सेकंदांची विश्रांती निरोगी बाळातही दिसते. आणि म्हणूनच पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नसतं. पुरं एक मिनिट मोजायचं असतं. बाळ रडत नसताना, दूध पीत नसताना, शांत पडलेलं असताना. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा.

आमचा आकडा आला ४६. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. या वयाच्या बाळाला ४६ म्हणजे अगदी छान. ६० किंवा त्याहून जास्त आले असते, आणि दुसऱ्यांदा मोजूनही तेच आले असते, तर पायात चपला सरकवून निघायचं होतं.

त्या दुपारपासून हा ६० चा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. रक्त काढलं नाही, फोटो काढला नाही, स्टेथोस्कोपसुद्धा लावला नाही. नुसतं पोटाकडे पाहिलं. न्यूमोनिया हा असा आजार आहे की संसर्गानं होणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही आजारापेक्षा तो जगातली जास्त मुलं नेतो. एकट्या २०१९ या वर्षात पाच वर्षांखालची ७ लाखांहून जास्त मुलं त्यानं गेली. त्याची पहिली चाहूल लागते ती एका मिनिटाच्या मोजणीतून. दवाखाना चाळीस किलोमीटरवर, मध्ये जंगल, आणि पावसाळ्यात नदी आडवी, अशा गावातही ती मोजणी करता येते. हे कुणी शोधलं, कसं शोधलं, आणि पन्नासपर्यंतही मोजता न येणाऱ्या बाईच्या हाती ते कसं पोहोचलं, ही गोष्ट जितकी विज्ञानाची, तितकीच आपल्या गडचिरोलीची आहे.

आधी श्वास का वाढतो ते पाहू. आपलं फुप्फुस म्हणजे हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या. न्यूमोनियात त्यातल्या काही पिशव्यांत पाणी आणि पू भरतो. त्या भागात हवा शिरत नाही आणि फुप्फुस ताठर होतं. नवा कोरा फुगा फुगवायला गाल दुखेस्तोवर जोर लागतो, तसंच. प्रत्येक श्वास पूर्ण खोल घ्यायचा तर दर वेळी तेवढा जोर हवा, आणि तो तान्ह्या जिवाजवळ नसतो. मग शरीर दुसरी युक्ती काढतं: लहान लहान श्वास घ्यायचे, पण पुष्कळ घ्यायचे. एका मोठ्या घागरीऐवजी वीस तांबे पाणी आणावं, तसं. ही काटकसर बाळाला कुणी शिकवलेली नसते. आजार आणखी वाढला की श्वासपटल इतक्या जोरानं खाली ओढलं जातं की बाळाच्या कूर्चेच्या मऊ बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत खचतो. खरं म्हणजे श्वास घेताना छाती बाहेर यायला हवी. ती आत जायला लागली की समजावं, वेळ थोडा उरलाय.

आपल्या जुन्या बायकांना हे दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. "पोरगं धापा टाकतंय", "बरगड्या उडताहेत", "पोट उडतंय" ही सगळी आजी-पणजीच्या तोंडची वाक्यं आहेत. 'डब्बा झाला' असंही म्हणायच्या. नजर अचूक होती, हातात औषध नव्हतं. मग हतबल माणूस करतो ते झालं. मेळघाटात अशा बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला 'डंबा' म्हणतात. ते ऐकून शहरातले लोक संतापतात. मला त्या चटक्यामागची आई आणि आजी दिसते. आजार त्यांनी ओळखलेला असतो आणि रात्रीच्या त्या प्रहरी करण्यासारखं दुसरं काहीच त्यांच्यापाशी नसतं.

या गावठी नजरेला विज्ञानाचा आकडा मिळाला तो फार दूर, पापुआ न्यू गिनी या देशात. विषुववृत्ताच्या खाली पसरलेला हा डोंगर-दऱ्यांचा, घनदाट रानाचा प्रदेश. तिथल्या गोरोका गावच्या रुग्णालयात फ्रँक शान हे बालरोगतज्ज्ञ काम करत होते. न्यूमोनियाची मुलं रांगेनं यायची. खेड्यापाड्यातल्या आरोग्यसेवकाजवळ एक्स-रे नव्हता आणि छातीतले बारीक आवाज ओळखायला कानाला वर्षानुवर्षं सराव लागतो. शान आणि सहकाऱ्यांनी एकेक लक्षण घासूनपुसून पाहिलं: कोणतं लक्षण खरोखर न्यूमोनियाच्या मुलाला साध्या खोकल्याच्या मुलापासून वेगळं काढतं? दोनच गोष्टी कसाला उतरल्या, भराभर चालणारा श्वास आणि आत ओढली जाणारी छाती. १९८४ साली हे काम जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आलं. पुढं त्यावरून वयानुसार आकडे पक्के झाले. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांपर्यंत ४०. जगभरातले आरोग्य कर्मचारी आजही हेच आकडे वापरतात. रानातल्या आईला जे दिसत होतं, तेच.

आता गडचिरोलीला येऊ. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा. तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग १९८६ मध्ये इथं आले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली. गावोगावच्या बालमृत्यूंची नोंद ठेवायला लागल्यावर न्यूमोनिया हा मोठा मारेकरी असल्याचं दिसलं. औषध होतं, स्वस्त होतं, गोळ्या आणि पातळ औषध दोन्ही रूपांत मिळत होतं. ते द्यायचं कुणी? डॉक्टर प्रत्येक गावात मिळणार नव्हता. गावात होती ती दाई. बाळंतपणं करून करून हात तयार झालेले, कोणत्या घरात कधी मूल होणार हे तोंडपाठ, आणि रात्री दोनला उठवलं तरी येणारी.

अडचण एकच होती. बऱ्याच जणींना सलग पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं.

पुढं जे झालं ते मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. त्यांना आकडे घोकायला लावण्याऐवजी बंग दांपत्यानं साधनच बदललं. मण्यांच्या ओळींची एक छोटी चौकट आणि तिच्यासोबत एका मिनिटाची वाळूची घटिका. वयाप्रमाणं मण्यांची ओळ वेगळी. घटिका उलटी करायची, वाळू गळायला लागते. बाळाच्या पोटाकडे पाहत दहापर्यंत मोजायचं आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा एक मणी. वाळू संपायच्या आत त्या ओळीतला शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया. मणी उरला आणि वाळू संपली, तर साधा खोकला. बस्स. साठ हा आकडा बाईच्या डोक्यात असायची गरजच उरली नाही. तो लाकडात आणि वाळूत जाऊन बसला.

खळ्यावर धान्य मोजताना पाहिलंय कधी? माणूस पायली भरतो, ओततो, आणि दर पायलीला एक दाणा बाजूला ठेवतो. शेवटी दाणे मोजले की किती पायल्या झाल्या ते कळतं. हीच ती रीत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यानं पिढ्यान् पिढ्या जे हिशेबाचं शहाणपण वापरलं, त्याच शहाणपणावर श्वास मोजणारं यंत्र उभं राहिलं. जगातल्या सगळ्या वैद्यकीय उपकरणांतून एक निवडायला सांगितलं, तर मी ही मण्यांची चौकट उचलीन.

आणि गावातच होणाऱ्या या उपचाराचा परिणाम मोजला गेला. काही गावांत निदान-उपचाराची ही सोय केली, शेजारच्या गावांत सरकारी सेवा होती तशीच चालू राहिली, आणि दोन्हीकडच्या मृत्यूंची नोंद झाली. न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांत दर हजार मुलांमागं १७.५ होते, उपचाराच्या गावांत ८.१. निम्म्याहून कमी. हा निबंध १९९० साली 'लॅन्सेट' या ब्रिटनच्या वैद्यकीय साप्ताहिकात आला.

इथं थांबता आलं असतं. पण मृत्यूंच्या त्याच नोंदींतून दुसरंच एक सत्य वर आलं: मृत्यूंचा मोठा ढीग पहिल्याच महिन्यात साचतो. हे आजही साऱ्या जगात खरं आहे. २०२२ मध्ये जगात पाच वर्षांखालची ४९ लाख मुलं गेली, त्यातली २३ लाख जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत. आणि त्या २८ दिवसांतही चारातले तीन मृत्यू पहिल्या आठवड्यातले. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिते म्हणतात. पाटा-वरवंटा पुजतात, दिवा जागता ठेवतात. ही रात्र पाचवी किंवा सहावीच का धरली असेल? पहिला आठवडा पार पडला की जीव धरला, हे आपल्या आयाबायांना आकडेशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक झालं होतं, असं मला मनापासून वाटतं.

तर या पहिल्या आठवड्यात नेमकं होतं काय? मोठा शत्रू असा आहे, की उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या विदर्भात त्याचं नावही सुचणार नाही. थंडी. आईच्या पोटात सदतीस अंशांच्या कोमट पाण्यात नऊ महिने तरंगलेलं बाळ ओल्या अंगानं बाहेर येतं. खोलीत अठ्ठावीस अंश असले तरी त्याच्या दृष्टीनं ते एकदम नऊ अंशांची घसरण. अंगावरचं पाणी वाळताना आणखी ऊब घेऊन जातं. वजनाच्या मानानं त्याची कातडी मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे ऊब निसटायला तिप्पट दारं. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि स्नायूंच्या त्या थरथरीतून उष्णता निघते. नवजात बाळाला धड कुडकुडताही येत नाही. निसर्गानं त्याला वेगळीच शेगडी दिली आहे: मानेजवळ, दोन खांद्यांच्या मधोमध, मूत्रपिंडांभोवती साठवलेली तपकिरी चरबी. हिचं एकच काम, जळायचं आणि ऊब द्यायची. पण ही चरबी साठते ती गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत. जे बाळ महिनाभर आधी आलं, किंवा ज्याची आई भाताच्या रोवणीत शेवटपर्यंत वाकलेली होती आणि पोटभर जेवली नव्हती, त्याच्या शेगडीत कोळसाच कमी.

मग चक्र सुरू होतं. बाळ गार पडतं. गार बाळाचं चोखणं मंदावतं. दूध कमी म्हणून साखर कमी, साखर कमी म्हणून ऊब कमी. अशा मरगळलेल्या अंगात जंतू शिरले की ते रक्तात पसरतात आणि एखाद-दोन दिवसांत सगळं आटोपतं. म्हणूनच जन्मल्याबरोबर पुसून कोरडं करणं, डोक्यावर टोपी, आईच्या उघड्या छातीशी धरणं, पहिल्या तासातच अंगावर घेणं आणि आंघोळ लांबवणं ही पाच कामं म्हणजे औषधोपचारच आहेत. आईची छाती हे जगातलं सर्वांत नेमकं उबपेटीचं यंत्र. वीज गेली तरी ते चालतं.

'सर्च'नं १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या नवजात बाळांचं घरी जाऊन निरीक्षण केलं. निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या महिन्यात कधी ना कधी वैद्यकीय मदतीची गरज पडली होती. ती मिळाली शंभरातल्या तिघांपेक्षाही कमी बाळांना. आईबाप निष्काळजी होते म्हणून असं झालं नाही. बाळंतीण बाजेवर, तिला घराबाहेर पडायची रीत नाही. इतकुल्या जिवाला वारं लागू द्यायचं नाही. खिशात भाड्याचे पैसे नाहीत. आणि आजारी नवजात बाळ मोठ्या मुलासारखं तळमळत नाही, ते नुसतं शांत होत जातं. अभय बंग एका बाळाच्या मृत्यूची गोष्ट सांगतात. त्या एका मृत्यूमागची कारणं त्यांनी ओळीनं मांडली तेव्हा ती १८ भरली. आईची उपासमार, हिवताप, नवऱ्याची दारू, पूर आलेली नदी, अशी एकात एक अडकलेली कड्यांची साखळी. त्यातून त्यांनी काढलेला अर्थ निराशेचा नव्हता: साखळी तोडायला अठराही कड्या तोडाव्या लागत नाहीत, एक पुरते.

तोडायची कडी कोणती? अंतर. बाळ दवाखान्यात जात नसेल तर दवाखान्यानं बाळाच्या उंबऱ्यात जायचं.

प्रत्येक गावातून एक बाई निवडली गेली, तिचं नाव आरोग्यदूत. पाच ते दहा इयत्ता शिकलेली, त्याच गावची सून किंवा लेक. तिच्या पिशवीत काय होतं ते मी मुद्दाम सांगते, कारण अख्खं रुग्णालय तिच्यात मावत होतं: झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, साबण, बाळाच्या घशातला चिकटा ओढायची नळी, श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा द्यायची फुग्याची पिशवी आणि मुखवटा, गार पडलेल्या बाळासाठी उबदार झोळणा, तोंडानं द्यायचं जंतुनाशक औषध आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन. बाळ जन्मताना ती हजर. नंतर महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी. रक्तातला जंतुसंसर्ग प्रयोगशाळेशिवाय ओळखायला तिच्याजवळ ७ खुणा होत्या. चोखणं मंदावलं किंवा थांबलं, रडणं क्षीण झालं, हातपाय लुळे पडले, पोट फुगलं किंवा उलट्या होताहेत, अंग गार लागतंय, छाती आत ओढली जातेय, बेंबीत पू आहे. यातल्या कोणत्याही दोन खुणा एकाच वेळी दिसल्या की उपचार सुरू.

यातली प्रत्येक खूण आईला आधी दिसते. "आज ओढतच नाही हो" हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत ज्यांनी ऐकलंय, त्यांना यातलं मोल कळेल. आरोग्यदूतानं आईच्या या वाक्याला निदानाचा दर्जा दिला.

खेड्यातल्या बाईनं तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यायचं, या कल्पनेनं अनेक डॉक्टर हादरले. शंका रास्त होती. तिला उत्तर आकड्यांनीच द्यायला हवं होतं, आणि ते डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये आलं. ३९ गावांत ही घरपोच सेवा, शेजारच्या ४७ गावांत नाही. सेवेच्या गावांत नवजात मृत्युदर दर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५.५ वर उतरला. शेजारच्या गावांत तो ५८ चा ६० झाला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत पूर्वी शंभरातली साधारण १७ दगावत, ती संख्या तिनाच्याही खाली आली. एका बाळामागं खर्च पाच डॉलरच्या आसपास. एकही नवं रुग्णालय बांधलं गेलं नव्हतं, एकही नवं औषध शोधलं गेलं नव्हतं.

हे पाहून जगानं वाट बदलली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून नवजात बाळाच्या गृहभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारनं हा कार्यक्रम देशभर नेला आणि ती पिशवी आशाताईंच्या खांद्यावर आली. माझ्या भाचीला पोट वर आलं की एक मोजायला शिकवणारी बाई, तिला स्वतःला कल्पना नसेल, पण पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांतून गडचिरोलीच्या मण्यांच्या चौकटीपर्यंत आलेल्या माळेतला पुढचा मणी आहे. इंजेक्शन मात्र आशाताईंच्या हाती दिलं गेलं नाही. २०१४ मध्ये ठरावीक परिस्थितीत एएनएम ताईंना, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकांना, जेंटामायसिन द्यायची मुभा मिळाली.

मोजणीनं सगळं सुटत नाही, हेही लिहिलं पाहिजे. मोजून ६० आले, पुढं काय? भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर पुलावरून वाहायला लागला की पलीकडची गावं तुटतात. आजही खाटेची कावड करून रोगी आणावा लागतो. नंदुरबारमध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्यापलीकडच्या पाड्यांसाठी तरंगते दवाखाने पाण्यावरून जातात. दूरच्या गरोदर बायांनी दिवस भरायच्या आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावं म्हणून 'माहेरघर' योजना आहे. नाव सुंदर आहे आणि कल्पनाही, पण घरी लहान पोरं आणि रानात धान टाकून आठ दिवस आधी येणं प्रत्येकीला जमत नाही. पूल, रस्ता, भरलेलं डॉक्टरांचं पद, वीज टिकणारी नवजात कक्षाची खोली यांना मण्यांची चौकट हा पर्याय नाही. ती फक्त वेळ मिळवून देते. मात्र न्यूमोनियात आणि जंतुसंसर्गात वेळ हाच जीव असतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते. या सगळ्या शोधाचा भार ज्या खांद्यावर आहे, त्या आशाताईला सरकारी कागदावर 'स्वयंसेविका' म्हणतात. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा एका बाळाच्या सगळ्या गृहभेटींचे मिळून २५० रुपये ठरले. जिच्या मोजणीवर एका जिवाचा निर्णय होतो तिला नियमित पगार मिळायला हवा. यात दुमत असायचं कारण मला दिसत नाही.

तुमच्या घरी, नात्यात, शेजारात बाळ झालं असेल, तर आशाताई कधी येणार ते लक्षात ठेवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. ती आली की "सगळं ठीक आहे हो" म्हणून दारातूनच परत पाठवू नका. आत घ्या, हात धुवायला पाणी आणि साबण द्या, बाळ झोळीच्या काट्यात ठेवू द्या. मग तिच्या शेजारी बसा, झबलं वर करा, आणि पुरं एक मिनिट तिच्याबरोबर मोजा.